निर्लेखन

परिपत्रकातला शब्द आहे : निर्लेखन.
म्हणजे लिहिलेलं न-लिहिलेलं करायचं,
तीन प्रतींत, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी.
मी अर्धवेळ ग्रंथपाल.
अर्ध्या वेळात पूर्ण कपाट रिकामं करायचंय
दिवाळीच्या सुट्टीआधी.
तिथे पडदा बसणार आहे, बोटानं चालणारा.

कारणांचा रकाना अरुंद आहे.
जीर्ण. वाळवी. कालबाह्य. विद्रूप.
याहून लांब कारण त्यात मावत नाही.

पहिले दोन दिवस हात नुसता चालत राहिला.
नऊ ग्रहांची ओळख – कालबाह्य.
फ्लॉपीची निगा – कालबाह्य.
एका देशाची सचित्र सफर, ज्याचे आता पंधरा देश झालेत.
सन दोन हजारात आपण चंद्रावर शेती करणार होतो,
मुखपृष्ठावर काचेच्या घुमटाखाली वांगी,
जांभळी, देठाला काटेसुद्धा.
वांग्यांपाशी थोडी थांबले.
मग सुगृहिणीस सूचना :
पती घरी येताच प्रथम पंखा लावावा.
ह्याच्यावर शिक्का दोनदा मारला.

तिसऱ्या दिवशी, दाखल क्रमांक आठशे बारा,
किंमत चार रुपये पंचवीस पैसे,
जिल्ह्याचा भूगोल.
नकाशात नवी मुंबई नाही.
ऐरोलीचा पूल नाही, सेक्टर नाहीत,
माझा तिसरा मजला नाही, त्याचा हप्ता नाही.
खाडी आहे, ऐसपैस,
आणि शाळेच्या जागी बारीक बारीक चौकोन,
कुणी वही आखून ठेवावी तसे.

पान एकेचाळीस.
'दिवा : येथील लोक भातशेती करतात.'
खाली पेन्सिल. कागदात रुतलेली, पोरकट :
मीट पन. निवटे पन.
लिवनारा हिते आला नवता.

मागच्या चिठ्ठीवर शेवटचं नाव
ध. हि. मढवी, सहावी ब, एकोणऐंशी.

मढवीमामा दारात गठ्ठे बांधत होते,
सुतळीचं टोक दातांत.
मार्चमध्ये निवृत्त होतील.
चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं,
सुतळी तोंडातून काढायला जरा वेळ लावला.
'गुरुजींनी मारला व्हता मना,' म्हणाले,
'पुस्तकान लिवतो म्हनून. ह्याच खिरकीशी.'
मग नकाशावर बोट :
'यो बग बाय, आपली शाला. मिठागरान हाय.'

म्हटलं, घरी न्या, मामा. कुणी विचारणार नाही.
'घरान जागा कंची?
पोरांनी चार माले चरवले, तरी नाय.
आन् मी काय करू त्याचा,
मना तं म्हाइतच हाय.'
आणि पुढचा गठ्ठा ओढला.

नियम स्पष्ट आहे :
वाचकाने लिहून ठेवल्यास, विद्रूप.
खोडरबर होतं टेबलावर.
अख्ख्या पुस्तकात खरी ओळ कुठली,
हे ठरवायला ग्रंथपाल लागत नाही,
अर्धवेळ तर नाहीच.
मीसुद्धा इथे आले नव्हते.
आले ती थेट सेक्टर आठमध्ये, लिफ्टने वर.

रकान्यात 'विद्रूप' लिहिलं. सही झाली.
यादीत तीनशे अठरा,
टेम्पोत तीनशे सतरा.
रद्दीवाला मोजत नाही, तोलतो :
एकशे त्रेचाळीस किलो, अकरा रुपयांनी.

आठशे बारा आता कुठेच नोंदलेलं नाही.
त्याला क्रमांक नाही, परतीची तारीख नाही.
खिडकीत पडलंय, उघडं.

मधल्या सुट्टीत सहावी बमधली अल्फिया मुकादम
बोटाला लागलेलं लोणचं फ्रॉकला पुसून
त्यावर वाकली.
छापलेलं तिनं सोडूनच दिलं.
'बाई, निवटे म्हणजे?'

मला काय ठाऊक.
मी खिडकीतून खाली ओरडले,
मामा,
जरा वर या.